डोप्ड कोबाल्ट ऑक्साइडचं मॅग्नेटिझम एनएमआरने बघायचंय, तर कोबाल्टवर बसायचं की त्याच्या शेजाऱ्यावर?

गेल्या काही दिवसांत दोघातिघांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. सॅम्पल तयार आहे, स्ट्रॉन्शियम घातलेलं लॅन्थेनम कोबाल्टाइट, एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) स्वच्छ आलंय, स्क्विडवर (अख्ख्या सॅम्पलचं मॅग्नेटिझम मोजणारं मशीन) मॅग्नेटायझेशन झालंय, आता गाइड म्हणतायत एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, न्यूक्लियस कुठल्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल देतो ते मोजणं) कर, तर कोबाल्टचं करू का लॅन्थेनमचं, का ते सगळं सोडून म्यूऑनसाठी (सॅम्पलमध्ये सोडलेला कण, जो आतलं फील्ड सांगतो) प्रपोजल टाकू? प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी या कामात बऱ्याच रात्री काढल्यात त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असेल, पण कुठे झुकलंय आणि का ते सांगत जाईन.

आधी मटेरियलबद्दल, कारण निवड त्याच्यावरच ठरते. शुद्ध लॅन्थेनम कोबाल्टाइटमध्ये कोबाल्ट तीन प्लस असतो, सहा डी-इलेक्ट्रॉन, आणि थंडीत ते सगळे जोड्या लावून बसलेले असतात म्हणजे मोमेंट शून्य. तापवत गेलं की काही कोबाल्ट वरच्या स्पिन स्टेटमध्ये जातात आणि साधारण १०० केल्विनला ससेप्टिबिलिटीत (फील्ड लावल्यावर सॅम्पल किती मॅग्नेटाइज होतं त्यात) तो मोठा उंचवटा दिसतो. आता लॅन्थेनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) येतात, आणि १९५३ मध्ये जॉन्कर आणि व्हॅन सँटेन यांनी दाखवलं की हे मटेरियल फेरोमॅग्नेट होतं. स्ट्रॉन्शियम साधारण १८ टक्क्यांच्या वर गेलं की फेरोमॅग्नेटिक मेटल, ५० टक्क्यांना टीसी (ज्याच्या खाली फेरोमॅग्नेट होतं ते तापमान) जवळपास २५० केल्विन, आणि १८ च्या खाली स्पिन ग्लाससारखं (मोमेंट वेड्यावाकड्या दिशांना गोठलेले) काहीतरी, जिथे स्क्विडवर झेडएफसी (फील्डशिवाय थंड केलेला) आणि एफसीचे (फील्डमध्ये थंड केलेला) कर्व्ह फाटतात आणि सगळे आपापल्या परीने त्याचा अर्थ लावत बसतात. जाता जाता, या मटेरियलमध्ये न्यूक्लियसच्या जागेवरून आत डोकावण्याचं काम आपल्याकडे फार आधी झालंय, वि. गो. भिडे (जे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले), राजोरिया, सी. एन. आर. राव या मंडळींचे मॉसबावर स्पेक्ट्रोस्कोपीचे (न्यूक्लियसने शोषलेल्या गॅमा किरणांवरून मोजण्याचे) पेपर १९७२ आणि १९७५ चे आहेत, ७५ च्या पेपरात जाधव पण आहेत. मॉसबावरचा आणि एनएमआरचा विचार मुळात सारखाच आहे, त्यामुळे या विषयात शिरणाऱ्याने ते पेपर नक्की वाचावेत, आजही शिकायला मिळतं.

आता अडचण काय आहे ती. हे मटेरियल आतून एकसारखं नाहीये. एका ठिकाणी होल जास्त, तिथे फेरोमॅग्नेटिक गोळा, बाजूला होल कमी, तिथे कोबाल्ट अजून झोपलेलाच, आणि मधे कुठेतरी ग्लासी भाग. स्क्विड म्हणजे अख्ख्या चाळीला एकच लाइट मीटर. युनिट किती जळले ते बरोबर कळतं पण कुणाच्या खोलीत फ्रीज आहे आणि कुणाच्या खोलीत दिवाही नाही ते कळत नाही. एनएमआरमध्ये प्रत्येक न्यूक्लियस हा त्या त्या खोलीचा मीटर आहे. म्हणून फेज सेपरेशन असण्याची शंका असलेल्या मटेरियलला एनएमआर लावायचं, नुसतं पेपरात अजून एक फिगर वाढवायला नाही.

तर कोबाल्ट का लॅन्थेनम.

कोबाल्ट-५९ कागदावर एकदम आकर्षक आहे. शंभर टक्के नैसर्गिक, स्पिन सात-द्वितीयांश, टेस्लाला साधारण १०.०५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सिग्नल दणकट. आणि मॅग्नेटिझम ज्याच्यावर आहे तोच हा अणू, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या डी-इलेक्ट्रॉन्सचं हायपरफाइन फील्ड (इलेक्ट्रॉनमुळे न्यूक्लियसला जाणवणारं फील्ड) थेट त्याच्यावर पडतं. फेरोमॅग्नेटिक भागात हे फील्ड एवढं मोठं असतं की बाहेरून फील्ड लावायची गरजच नाही, मॅग्नेट शून्यावर ठेवून फ्रिक्वेन्सी फिरवत जायचं आणि साधारण १७० मेगाहर्ट्झच्या आसपास रुंद लाइन येते, म्हणजे न्यूक्लियसला जवळपास १७ टेस्ला फील्ड आतूनच मिळतंय! हे पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर बघताना अंगावर काटा येतो, खरंच. झिरो फील्डमध्ये हा सिग्नल दिसला की तो ऑर्डर झालेल्या भागाचाच. नंतर थोडं फील्ड लावून लाइन कुठे सरकते ते बघायचं, फ्रिक्वेन्सी खाली सरकली तर हायपरफाइन फील्ड मोमेंटच्या उलट दिशेला आहे, म्हणजे कोअर पोलरायझेशनचा (डी-इलेक्ट्रॉनमुळे अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनमध्ये आलेल्या असमतोलाचा) हात वरचढ.

पण कोबाल्टचे त्रासही तेवढेच आहेत आणि नवीन माणूस इथेच फसतो. पहिला त्रास म्हणजे रुंदी, लाइन कित्येक दहा मेगाहर्ट्झ पसरलेली असते, म्हणजे प्रोब शंभरदा रीट्यून करत पॉइंट बाय पॉइंट एको (पल्सनंतर परत येणारा सिग्नल) घ्यायचा, एका स्पेक्ट्रमला रात्र जाते, आणि मधेच हेलियम ट्रान्सफर आलं तर दोन. दुसरा त्रास जास्त खोल आहे. फेरोमॅग्नेटमध्ये तुम्ही कॉइलने जे आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) फील्ड देता ते आधी इलेक्ट्रॉनच्या मॅग्नेटायझेशनला हलवतं, आणि ते हललं की त्याच्यासोबत ते अवाढव्य हायपरफाइन फील्डही हलतं, त्यामुळे न्यूक्लियसला मिळणारं आरएफ कित्येक पटींनी वाढतं आणि परत येणारा सिग्नलही तेवढ्याच पटीने वाढतो. याला एन्हान्समेंट फॅक्टर म्हणतात. परिणाम असा की फेरोमॅग्नेटिक भाग सॅम्पलच्या दहा टक्के असला तरी स्पेक्ट्रममध्ये तो राजासारखा दिसतो आणि बाकीचा नव्वद टक्के कोपऱ्यात. पॉवर बदलत बदलत सिग्नल कुठे जास्तीत जास्त येतो ते बघा, तिथून एन्हान्समेंट काढा, त्याने भागा, मग फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने भागा, मग टी-टू (एको मरायला लागणारा वेळ) करेक्शन करून एको शून्य वेळेपर्यंत मागे न्या. एवढं केल्याशिवाय कुठल्या फेजचं किती प्रमाण आहे यावर एक वाक्यही लिहू नका. मी हे सगळीकडे सांगत फिरतो कारण ही करेक्शन्स न करता लिहिलेले टक्के वाचले की मला खूप वाईट वाटतं, एवढ्या मेहनतीचा डेटा आणि शेवटचा आकडा वाऱ्यावर.

कोबाल्टने काय साधता येतं त्याचं उत्तम उदाहरण २००३ चं आहे. अमेरिकेतल्या टॅलाहासीच्या हाय मॅग्नेटिक फील्ड लॅबमधले कून्स, होक, मोल्टन, रेयेस आणि मिनेसोटाचे वू आणि लेटन यांनी १० ते ५० टक्के स्ट्रॉन्शियमच्या सगळ्या सॅम्पलमध्ये कोबाल्टचे तीन वेगळे सिग्नल दाखवले, एक झिरो फील्डमधला फेरोमॅग्नेटिक, एक रुंद स्पिन ग्लासचा, आणि एक झोपलेल्या म्हणजे लो-स्पिन कोबाल्टचा. तिन्ही एकाच वेळी एकाच पावडरमध्ये. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे फेरोमॅग्नेटिक लाइनचा आकार स्ट्रॉन्शियम वाढवला तरी जवळपास तोच राहिला, म्हणजे डोपिंग वाढवलं की फेरोमॅग्नेटिक गोळा आतून बदलत नाही, गोळे फक्त वाढतात. हे स्क्विडला दहा वर्षं मोजून कळलं नसतं.

आता लॅन्थेनम-१३९. तोही सात-द्वितीयांश, ९९.९ टक्के, टेस्लाला ६.०१ मेगाहर्ट्झ, म्हणजे ७ टेस्लाच्या मॅग्नेटमध्ये लॅन्थेनम ४२ ला आणि कोबाल्ट सत्तरीच्या आसपास, एकमेकांच्या वाटेत सहसा येत नाहीत. लॅन्थेनम स्वतः मॅग्नेटिक नाही, पेरोव्स्काइट (या क्रिस्टलची रचना) रचनेतल्या पेटीच्या मधोमध बसतो आणि भोवतीच्या आठ कोबाल्टचं थोडं थोडं ट्रान्सफर्ड फील्ड त्याला मिळतं. शेजारच्या घरात भांडण चाललंय आणि आपण भिंतीच्या अलीकडून ऐकतोय असं समजा, शब्द नीट कळत नाहीत, पण कान बधिर होत नाहीत. हाच मुद्दा आहे. कोबाल्टच्या जागेवर इलेक्ट्रॉन स्पिनची हालचाल थोडी मंदावली की टी-टू एवढा छोटा होतो की एको यायच्या आतच सिग्नल मरतो, आपले स्पेक्ट्रोमीटर पल्सनंतर साधारण दहा मायक्रोसेकंद आंधळेच असतात. लॅन्थेनमवर तेच फ्लक्चुएशन कमी जोराने पोचतं म्हणून तो टीसीच्या आजूबाजूला, ग्लास गोठत असताना, अशा सगळ्या कठीण जागी टिकून राहतो. २००४ मध्ये टॅलाहासीच्याच मंडळींनी हाय फील्डमध्ये लॅन्थेनम वापरून तापमानाप्रमाणे फेरोमॅग्नेटिक आणि नॉन-फेरोमॅग्नेटिक भाग कसे बदलतात ते दाखवलं, आणि ते काम कोबाल्टवर करायला गेलं असतं तर मधले बरेच तापमानाचे पॉइंट रिकामेच राहिले असते असं मला वाटतं.

तोटा उघड आहे. आठ शेजाऱ्यांची बेरीज ऐकताय, त्यामुळे एखादा कोबाल्ट कुठल्या स्पिन स्टेटमध्ये आहे हे लॅन्थेनम सांगू शकत नाही. आणि शेजारी जर अँटिफेरोमॅग्नेटिक असतील, चार वर चार खाली, तर बेरीज शून्याकडे जाते आणि लॅन्थेनमला वाटतं सगळं शांत आहे.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी लागू आहे आणि मला विचाराल तर या सगळ्या लेखात हीच लक्षात ठेवायची, दिसलेल्या सिग्नलइतकाच न दिसलेला सिग्नल मोजा. खोलीच्या तापमानाला, जिथे सगळे न्यूक्लियस हजर असतात, तिथे इंटेन्सिटी गुणिले तापमान घ्या, मग खाली येत प्रत्येक तापमानाला तेच, टी-टू करेक्शन करून. पटावर शंभर नावं आणि वर्गात साठच हजर, तर ते चाळीस कुठे गेले हा प्रश्न तुमच्या थीसिसचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असू शकतो. बहुतेक वेळा ते अशा भागात असतात जिथे स्पिन नेमके एनएमआरच्या वेगाला हलतायत. लॅन्थेनम आणि कोबाल्ट दोघांचा पट शेजारी ठेवला की कुठला भाग कुठल्या तापमानाला गोठला ते आपोआप उलगडतं.

म्हणजे एकच निवडायचा असेल तर? प्रश्न जर असा असेल की कोबाल्ट कुठल्या अवस्थेत आहे, मोमेंट किती, किती प्रकारचे कोबाल्ट आहेत, तर कोबाल्ट, आणि ४ केल्विन किंवा खाली जायची सोय हवीच. प्रश्न जर ट्रान्झिशन कसं होतं, फ्लक्चुएशन कसे मंदावतात असा असेल तर लॅन्थेनम. पहिलं सॅम्पल, पहिलंच एनएमआर, हाताशी एक सेमिस्टर, तर मी डोळे मिटून लॅन्थेनमने सुरुवात करायला सांगतो, कारण आठवड्याभरात काहीतरी दिसतं आणि माणसाचा हुरूप टिकतो.

टी-वन (पल्सनंतर न्यूक्लियस मूळ स्थितीला यायला लागणारा वेळ) मोजताना मात्र जपून. दोघंही सात-द्वितीयांश, त्यामुळे क्वाड्रुपोलने (न्यूक्लियसच्या गोल नसलेल्या आकाराच्या परिणामाने) लाइन फुटलेली असते आणि सेंट्रल लाइनची रिकव्हरी एका एक्सपोनेन्शियलची नसते, चार असतात, दर १, ६, १५ आणि २८ च्या प्रमाणात, आणि सगळ्यात जास्त वजन, सत्तर टक्क्यांच्या वर, २८ वाल्याला. एकच एक्सपोनेन्शियल फिट केला तर टी-वन चुकीचा येईल आणि चुकीचा आहे हे कळणारही नाही.

सोडियम कोबाल्टेट करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथे माझं उत्तर उलटं होतं, शेजारी नुसता सोयीचा नाही, तोच हिरो आहे. सोडियम-२३, स्पिन तीन-द्वितीयांश, शंभर टक्के, टेस्लाला ११.२६ मेगाहर्ट्झ. या मटेरियलमध्ये कोबाल्टचे त्रिकोणी थर आणि त्यांच्या मधे सोडियम, आणि सोडियम कमीजास्त करून डोपिंग होतं. २००३ मध्ये यातच पाणी शिरवून साधारण ५ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली तेव्हापासून सगळे याच्या मागे लागले. सोडियम ७५ टक्क्यांच्या आसपास असेल तर २२ केल्विनला मॅग्नेटिक ऑर्डर, बरोबर अर्धा असेल तर ८८ ला मॅग्नेटिक आणि ५३ ला इन्सुलेटर, आणि पूर्ण एक असेल तर काहीच नाही, नॉन-मॅग्नेटिक इन्सुलेटर. फ्रान्समधल्या ओर्सेच्या अलूल आणि रशियातल्या कझानचे मुखामेदशिन यांनी सोडियमचा एनएमआर इतका बारकाईने केला की दोन-तृतीयांश सोडियमला सोडियमच्या चार वेगळ्या जागा मोजता आल्या, तिथून सोडियम कसा ओळीत बसलाय ते कळलं, आणि त्यावरून कोबाल्टचं कोडं सुटलं, एक-चतुर्थांश कोबाल्ट नॉन-मॅग्नेटिक तीन प्लस आणि उरलेले कागोमे (कोपऱ्यांनी जोडलेल्या त्रिकोणांच्या) जाळीवर होल वाटून घेतलेले. नंतर कोबाल्टच्या एनएमआरने ते पक्कं केलं. क्रम बघा, आधी शेजारी मग कोबाल्ट. पावडर एपॉक्सीत कालवून मॅग्नेटच्या फील्डमध्ये सुकवायची म्हणजे सगळे दाणे एका दिशेला लागतात, ही युक्ती इथे फार कामाची आहे, त्याशिवाय क्वाड्रुपोलच्या लाइन्स वेगळ्या काढणं अवघड. आणि सॅम्पल हवेतल्या ओलाव्यापासून जपा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर डेसिकेटरच्या बाहेर ठेवूच नका.

इथला एक खड्डा मी स्वतः पाहिलाय. कॉइल साध्या तांब्याच्या तारेची होती. कॉपर-६३ चा आकडा ११.२८५, सोडियमच्या एवढ्या जवळ की ७ टेस्लाला दोघांत अर्ध्या मेगाहर्ट्झपेक्षाही कमी फरक पडतो, आणि सोडियमच्या सॅटेलाइट (मुख्य लाइनच्या बाजूच्या) लाइन्स तिथेच पसरलेल्या. मला एक छान नवीन लाइन मिळाली, दोन आठवडे तिचं तापमानाप्रमाणे मोजमाप केलं, ती हलतच नव्हती, मग सॅम्पल काढून रिकामी कॉइल ठेवली तरी लाइन तिथेच. तेव्हापासून सोडियमसाठी कॉइल चांदीच्या तारेची, आणि कुठल्याही नव्या प्रोबवर पहिला स्पेक्ट्रम रिकाम्या कॉइलचा.

आता एनएमआर सोडून म्यूऑन किंवा न्यूट्रॉन करावं का.

म्यूऑनची जमेची बाजू मोठी आहे, झिरो फील्डमध्ये सॅम्पलचा किती भाग ऑर्डर झालाय हे जवळपास सरळ कळतं, एन्हान्समेंटची भानगड नाही, आणि एनएमआरमध्ये जे न्यूक्लियस गायब होतात त्या वेगाच्या फ्लक्चुएशन म्यूऑनला आरामात दिसतात. पण म्यूऑन नेमका कुठे थांबलाय ते नक्की माहीत नसतं, ऑक्सिजनजवळ एवढंच, आणि हा कोबाल्ट का तो कोबाल्ट हे त्याला विचारता येत नाही. भारतात म्यूऑनचा सोर्स नाही, त्यामुळे इंग्लंडचं आयसिस, स्वित्झर्लंडचं पीएसआय, कॅनडाचं ट्रायम्फ नाहीतर जपानचं जे-पार्क, म्हणजे प्रपोजल, वाट बघणं, व्हिसा, आणि मग तीनचार दिवसांचा बीमटाइम. एनएमआर तुमच्याच इमारतीत असेल तर रात्री अकराला डोक्यात आलेली शंका बारा वाजता तपासता येते. ही सोय पेपरात दिसत नाही पण विद्यार्थ्याच्या आयुष्यात फार मोठी आहे.

न्यूट्रॉनने गोळ्यांचा आकार कळतो, स्मॉल अँगल स्कॅटरिंगने या मटेरियलमधले गोळे नॅनोमीटरच्या घरातले आहेत हे दिसलं, आणि लांबी एनएमआरला सहजासहजी सांगता येत नाही. आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव रिअ‍ॅक्टरवर पावडर डिफ्रॅक्शन होतं. फक्त कोबाल्टबद्दल एक लक्षात ठेवा, तो न्यूट्रॉन शोषतो, थर्मलला ३७ बार्न (शोषण मोजायचं एकक), आणि शोषून कोबाल्ट-६० होतो ज्याचं हाफ-लाइफ ५.२७ वर्षं. म्हणजे सॅम्पल बीममधून आल्यावर लगेच खिशात घालून नेता येत नाही, कधी कधी बराच काळ तिथेच ठेवावं लागतं. त्यामुळे एकच सॅम्पल असेल तर क्रम ठरवा, स्क्विड, मग एनएमआर, आणि न्यूट्रॉन शेवटी.

तिन्ही भांडत नाहीत हे सांगायला एक उदाहरण पुरेसं आहे. फक्त ०.२ टक्के स्ट्रॉन्शियम घातला तर एका होलमागे प्रचंड मोमेंट येतो हे आधीपासून माहीत होतं, का येतो ते माहीत नव्हतं. २००८ मध्ये पोडलेस्न्याक आणि सहकाऱ्यांनी इनइलॅस्टिक न्यूट्रॉन, ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) आणि एनएमआर तिन्ही लावून दाखवलं की एक होल आपल्या भोवतीच्या सहा कोबाल्टना जागं करतो आणि सात जणांचा मिळून तेरा-द्वितीयांश स्पिनचा एकच मोठा पोलरॉन होतो. एकट्या कुठल्याही प्रोबला ते सांगता आलं नसतं.

मतभेदही सांगितले पाहिजेत. २००३ च्या पावडरवरच्या एनएमआरमध्ये तिन्ही फेज ५० टक्क्यांपर्यंत दिसल्या, पण २००९ मध्ये लेटन यांच्याच गटाने सिंगल क्रिस्टलवर न्यूट्रॉन आणि इतर मोजमापं करून म्हटलं की फेज सेपरेशन साधारण ४ ते २२ टक्क्यांच्या पट्ट्यातच आहे आणि त्याचं कारण स्ट्रॉन्शियम नशिबाने कुठे कमी कुठे जास्त बसतो एवढंच आहे. मग एनएमआर चुकला का? मला तसं वाटत नाही. एनएमआर दोनतीन टक्के कोपऱ्यातले कोबाल्टही पकडतो जे बाकीच्या प्रोबना दिसत नाहीत, आणि पावडर व क्रिस्टल ही दोन वेगळी सॅम्पल आहेत, दाण्यांच्या सीमेवर, ऑक्सिजन कमी असलेल्या जागी काय होतं ते क्रिस्टलमध्ये नसतंच. म्हणून तुमची पावडर असेल तर ४० टक्क्यांवर दिसलेल्या लो-स्पिन सिग्नलवरून लगेच मोठा दावा करू नका.

मशीनबद्दल. केमिस्ट्री डिपार्टमेंटमधला ५०० मेगाहर्ट्झचा एनएमआर या कामाचा नाही, त्याचं मॅग्नेट ११.७४ टेस्लाला कायमचं अडकलेलं असतं आणि तो अरुंद लाइन्ससाठी बनलेला आहे. तुम्हाला फिरवता येणारं मॅग्नेट, हेलियम क्रायोस्टॅट आणि ब्रॉडबँड स्पेक्ट्रोमीटर लागतो. अशा प्रकारचं काम आयआयटी बॉम्बे, कोलकात्याचं साहा इन्स्टिट्यूट, आयसर तिरुवनंतपुरम इथे झालेलं आहे, त्यांचे पेपर काढून एक्सपेरिमेंटल सेक्शन वाचा आणि सरळ मेल करा, सोबत स्क्विडचा डेटा जोडा आणि प्रश्न एका ओळीत लिहा.

मेल करण्याआधी एक काम. स्ट्रॉन्शियम जास्त असलेल्या सॅम्पलमधून ऑक्सिजन निसटतो, आणि निसटलेला प्रत्येक ऑक्सिजन दोन होल खाऊन टाकतो. तुम्ही डब्यावर ४० टक्के लिहिलंय पण ऑक्सिजन ०.०५ ने कमी असेल, म्हणजे तीनच्या जागी २.९५, तर खरे होल ३० टक्केच आहेत. आयोडोमेट्रिक टायट्रेशन कुठल्याही केमिस्ट्री लॅबमध्ये एका दुपारी होतं. ते करून घ्या, आकडा कमी आला तर पेलेट ऑक्सिजनच्या प्रवाहात परत भाजून हळू थंड करा, पुन्हा टायट्रेशन, आणि मगच ती पावडर कॉइलमध्ये भरा.